व्हायोलिन घरात कोण ऐकते?



आज आपण पवित्र कुटुंबाचा सण साजरा करीत आहोत. आजच्या दुसऱ्या वाचनात संत पौल कलस्सै येथील श्रद्धावंतांना अनेक गोष्टी सांगतो. त्यांपैकी दोन आपण लक्षात घेऊ या. स्तोत्रे आणि गीते गाऊन अंतःकरणपूर्वक देवाचे उपकार माना, असे तो म्हणतो (३:१६). त्यानंतर पाचच वचनांनी तो वडिलांना बजावतो की मुलांना चिडीस आणू नका, नाही तर ती खचून जातील (३:२१). इतकी वर्षे या दोन वचनांवर मी वेगवेगळी प्रवचने दिली. त्यांचा एकमेकांशी काही संबंध असेल, हे मला एका दहा वर्षांच्या मुलीने शिकवले. तिच्या आईच्या परवानगीने ही हकिगत सांगतो.

गायनवृंदाला नवे वादक मिळावेत म्हणून आपण चर्चच्या सभागृहात मुलांसाठी व्हायोलिनचा वर्ग सुरू केला. काही महिन्यांनी एक आई मुलीला घेऊन माझ्या ऑफिसात आली. “फादर, तुम्हीच हिला समजवा. एवढे पैसे घालून व्हायोलिन घेतलं, आता म्हणते सोडायचंय. तुमचं ऐकेल ती.”

मी समजावले. खरे सांगायचे तर झापलेच. राजा दावीदाची वीणा सांगितली, शिस्त सांगितली, आईवडिलांचे कष्ट सांगितले. मुलगी मान खाली घालून ऐकत राहिली. शेवटी मी म्हणालो, “बाळ, जरा वाजवून दाखव.” तिने पेटी उघडली. व्हायोलिनच्या सोल, रे, ला, मी या चार तारांपैकी ‘मी’ची तार तुटलेली होती.

“कधी तुटली?”

“तीन आठवडे झाले.”

“सांगितलं नाहीस?”

“सांगितलं. मम्मी म्हणाली, सरांना सांग. सर म्हणाले, मम्मीला सांग.”

मग लक्षात आले की व्हायोलिनही मोठ्या माणसाचे होते. मुलांच्या हाताच्या लांबीप्रमाणे पाव, अर्धे, पाऊण अशी लहान व्हायोलिने मिळतात. पण वाढत्या अंगाचा फ्रॉक शिवावा तसे तिच्यासाठी पूर्ण मापाचे घेतले होते, म्हणजे पुन्हा खर्च नको. तिची बोटे पोहोचत नव्हती. बाहेरच्या खोलीत टीव्ही चालू असे, म्हणून ती मागच्या पडवीत एकटीच सराव करीत असे. तीन आठवडे घरात एका तारेचा आवाज बंद होता आणि कोणाच्या कानाला ते जाणवले नव्हते.

आई गप्प झाली. मीही गप्प झालो. कारण आमच्या धर्मग्रामाच्या वहीत तिची हजेरी होती, फी भरल्याची नोंद होती. तारेची नोंद नव्हती. पौलाने वडिलांना दिलेली ताकीद त्या दिवशी मला, ज्याला सारे ‘फादर’ म्हणतात त्याला, लागू पडली.

सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना अॅरिस्टॉटलचा एक विचार वाचला होता. वीणा वाजवून वाजवूनच माणूस वादक होतो, तसेच न्यायाने वागून वागूनच तो न्यायी होतो. परीक्षेसाठी तेवढे पाठ केले. पण तो पुढे असेही म्हणतो की वीणा वाजवूनच वाईट वादकही तयार होतात. म्हणजे नुसता सराव पुरेसा नाही. सराव कसा होतो आणि त्या वेळी शेजारी कोण असते, यावर सारे अवलंबून असते.

जपानचे शिनिची सुझुकी (१८९८–१९९८) यांनी हे ओळखले होते. त्यांच्या वडिलांचा नागोया शहरात व्हायोलिनचा कारखाना होता. तरी तरुणपणी शूबर्टच्या ‘आवे मारिया’ची ध्वनिमुद्रिका ऐकली, तेव्हाच त्यांना व्हायोलिन शिकण्याची ओढ लागली. पुढे बर्लिनमध्ये शिकत असताना त्यांनी एका जर्मन कॅथोलिक तरुणीशी विवाह केला आणि स्वतःही कॅथोलिक श्रद्धा स्वीकारली. दुसऱ्या महायुद्धानंतर मात्सुमोतो येथे त्यांनी मुलांना शिकवायला सुरुवात केली. त्यांचे म्हणणे साधे होते: प्रत्येक जपानी मूल अवघड जपानी भाषा सहज बोलते, कारण घरात ती रोज कानांवर पडते आणि प्रत्येक नव्या शब्दाचे कौतुक होते. मग संगीतही मातृभाषेसारखे का शिकवू नये? म्हणून त्यांच्याकडे आधी आई एक सोपी धून शिके. मूल बघत राही आणि एक दिवस स्वतःच आईच्या हातातले व्हायोलिन मागे.

आपल्या शेजारच्या गोव्यातही हे घडत आले आहे. तेथे चर्चच्या शाळांत मेस्त्री मुलांना स्वरलेखन आणि व्हायोलिन शिकवीत. माजोर्ड्याच्या चर्चमधील अशाच एका मेस्त्रींचा मुलगा म्हणजे अँथनी गोन्साल्विस. वडिलांच्या हाताखाली शिकून तो मुंबईच्या चित्रपटसंगीतात नामवंत झाला. संगीतकार प्यारेलाल त्यांचेच विद्यार्थी.

आणि नाझरेथ? संत मत्तय येशूला ‘सुताराचा पुत्र’ म्हणतो (१३:५५), संत मार्क त्यालाच ‘सुतार’ म्हणतो (६:३). या दोन शब्दांच्या मध्ये कित्येक वर्षे दडली आहेत. त्या वर्षांत योसेफ मुलाला रंधा देऊन बाहेर निघून गेला असेल, असे मला वाटत नाही.

तुम्ही म्हणाल, “फादर, विरार लोकलमधून लटकत रात्री आठला घरी येतो, कधी बसू?” खरे आहे. पण पंधरा मिनिटे टीव्ही आणि मोबाइल बंद ठेवून मुलाशेजारी बसता येते. संगीत कळायला हवे असे नाही. शेजारच्या मुलाशी तुलना करू नका. चूक दिसली की लगेच ओरडू नका. तार तुटली तर तुमच्या कानाला कळू द्या. एवढी सोबत देऊनही मुलाला ते वाद्य नकोच असेल, तर शांतपणे थांबू द्या. देवाने प्रत्येकाच्या हाती व्हायोलिन दिलेले नाही. प्रार्थनेचेही असेच आहे. मुलांना धर्मशिक्षणाच्या वर्गात सोडून आपण बाहेर गाडी लावून उभे राहिलो, तर रोझरी त्यांची मातृभाषा कशी होणार?

त्या मुलीला पाऊण मापाचे व्हायोलिन मिळाले. आई सरांकडून तारा जुळवायला शिकली. “फादर, महिना लागला मला. पोरगी हसते माझ्यावर,” असे ती सांगत होती. यंदा नाताळच्या रात्रीच्या मिस्सात ती मुलगी मागच्या रांगेत वाजवीत होती. दोन ठिकाणी ती चुकली. मला कळले नाही. तिच्या आईला कळले.

हे प्रभू येशू, तू नाझरेथच्या घरात मरिया आणि योसेफ यांच्या सोबतीने वाढलास. आमच्या मुलांचे बेसूरही प्रेमाने ऐकण्याचा धीर आम्हांला दे. आमेन.

तुमचा,
प्रमुख धर्मगुरू