राबणाऱ्या हातात पुस्तक द्या

नाशिक जिल्ह्यातल्या निफाड, दिंडोरी, चांदवड या पट्ट्यात द्राक्षाचे घड डिपिंगला आले की बागेत बहुतेक बायाच दिसतात. एका हातात जिबरेलिक ॲसिडच्या द्रावणाचा मग धरायचा, दुसऱ्या हाताने घड सांभाळून त्यात बुडवायचा, हलकेच झटकायचा आणि पुढच्या घडाकडे वळायचे. मांडवाखाली दिवसभर मान वर करून हे काम चालते. घड झटकायचा राहिला तर द्रावण मण्यांच्या बेचक्यात साचून राहते, हे या बायांना कोणी सांगावे लागत नाही. पण मगात किती औषध आहे असे त्यांना विचारले, तर उत्तर येते, ‘ते मालकाला माहीत.’ मालकाला विचारले तर तो सल्लागाराचे नाव सांगतो. शंभर लिटर पाण्यात एक ग्रॅम म्हणजे दहा पीपीएम, एवढेच ते गणित. त्यासाठी प्राथमिक शाळेतली आकडेमोड पुरते. तरीही ते सल्लागाराच्या वहीतून मालकाच्या मोबाईलवर येते आणि तिथेच थांबते. ज्या हाताला दिवसभर ते द्रावण लागते, त्या हातापर्यंत ते पोचत नाही.

दूरशिक्षणातून मिळणाऱ्या उद्यानविद्येवर पहिला हक्क या बाईचा आहे, असे मी मानतो. आजवर तो तिला आपण मिळू दिलेला नाही.

यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ 1989 साली नाशिकला उभे राहिले. ‘ज्ञानगंगा घरोघरी’ हे ब्रीद घेतलेल्या या विद्यापीठाने फळबाग, भाजीपाला, फुलशेती हे विषय मराठी पुस्तकांतून शिकवायला घेतले. राहुरी, अकोला, दापोली, परभणी इथली कृषी विद्यापीठे त्याआधीपासून होती आणि त्यांनी मोठे काम केले आहे. पण तिथे शिकायचे तर बारावीनंतर घर सोडून वसतिगृहात राहावे लागते. ज्या मुलीचे लग्न विशीच्या आत-बाहेर उरकले जाते, तिला तो रस्ता बंदच असतो. मुक्त विद्यापीठाने तिच्यासाठी दार उघडे ठेवले. पुस्तक घरी वाचायचे, अभ्यासकेंद्रावर संपर्कसत्राला जायचे, प्रात्यक्षिक करायचे आणि परीक्षा द्यायची.

या दारातून आत कोण जाते, हे आपापल्या गावात पाहावे. घरात पदविकेचा अर्ज आणला तर तो मुलाच्या नावाने भरला जातो, आणि पुष्कळदा त्यामागे बाग नसते, दुकान असते. कीटकनाशके विकायचा परवाना काढायचा तर शिक्षणाचा कागद लागतो. रोजगारासाठी शिकण्यात गैर काही नाही. पण स्वाध्याय दुसऱ्याचे उतरवून काढायचे, प्रात्यक्षिकाची वही एका रात्रीत भरायची, झाडाला हात न लावता पास व्हायचे आणि मग काउंटरमागे बसून शेतकऱ्याला औषध सुचवायचे, हा सरळ अपराध आहे. त्याची किंमत दुसऱ्याच्या बागेने आणि दुसऱ्याच्या फुप्फुसाने मोजायची असते. 2017 साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसपेक्षा जास्त शेतकरी-शेतमजूर दगावले. बाटलीवरचा लाल त्रिकोण म्हणजे अत्यंत विषारी, एवढे वाचता येणारा माणूस प्रत्येक घरात असायला नको का?

‘बागकाम कुठे पुस्तकातून येते का?’ असा आक्षेप नेहमी घेतला जातो, आणि तो अर्धा खरा आहे. आंब्याचे कोयकलम बांधताना काडी आणि खुंट यांचे काप एकमेकांवर नीट बसले की नाही, ते बोटांनाच कळते. पण बोटे तर या बाईकडे आहेतच! फेलफूट काढणे, शेंडा खुडणे, मण्यांची विरळणी, डाळिंबाची छाटणी, सगळे ती वर्षानुवर्षे करत आली आहे. तिला हवे आहे त्यामागचे कारण. डाळिंबाच्या फळावर तेलकट डाग दिसला तर तो तेल्या, जिवाणूंचा रोग. म्हणजे त्या झाडाला लावलेली कात्री निर्जंतुक न करता दुसऱ्या झाडाला लावायची नाही. हे जिला कळले ती बाग वाचवते, कारण सगळ्यात आधी डाग पाहणारी तीच असते.

अज्ञानाचा हिशेब बाजारही मांडतो. 2010 साली क्लोरमेक्वाट क्लोराईड या वाढरोधकाचे अंश सापडल्यामुळे युरोपात आपली द्राक्षे अडवली गेली. वेलीची वाढ आवरायला सर्रास वापरले जाणारे ते औषध. त्याची मर्यादा काय, हे शिवारात किती जणांना ठाऊक होते? आणि पुढे भाव कोसळला तेव्हा त्याची झळ कर्जदार शेतकऱ्याइतकीच, ज्यांची मजुरी थकली त्या बायांनाही बसली.

जोतीराव फुल्यांनी 1882 साली हंटर शिक्षण आयोगापुढे निवेदन ठेवले. सरकारी तिजोरी रयतेच्या घामावर भरते आणि शिक्षणाचा लाभ मात्र वरचे वर्ग उपटतात, अशी त्यांची तक्रार होती. तीच तक्रार आज घराच्या उंबऱ्याच्या आत करावी लागते. बाग बाईच्या श्रमावर उभी राहते आणि बागेतून येणाऱ्या पैशावर शिक्षण घेतो तो मुलगा. याच चांदवडला 1986 च्या नोव्हेंबरात शेतकरी संघटनेचे महिला अधिवेशन भरले. पुढे संघटनेचे नेते शरद जोशी यांच्या लक्ष्मीमुक्तीच्या हाकेला प्रतिसाद देऊन अनेक शेतकऱ्यांनी बायकोच्या नावे जमीन केली. सातबाऱ्यावर नाव लागले, तरी कोणते औषध कधी मारायचे हा निर्णय बहुतेक घरांत पुरुषाकडेच राहिला.

खरी अडचण फीची कमी आणि वेळेची जास्त आहे. बागेतून आलेली बाई चुलीपुढे बसते, आणि भांडी आवरेपर्यंत डोळे मिटू लागतात. तिला रोज एक तास वाचायला हवा असेल तर तेवढा वेळ घरातल्या कोणीतरी भाकरी थापली पाहिजे. नवऱ्याने थापावी. सासूबाईंनीही, आपल्याला जे मिळाले नाही ते सुनेला मिळते आहे याचा आनंद मानून, तो तास राखावा. ‘शिकून काय कलेक्टर होणार आहेस?’ हे वाक्य ज्या घरात बोलले जाते, त्या घराने निदान स्वतःच्या बागेसाठी तरी ते गिळावे.

विद्यापीठाने आणि अभ्यासकेंद्रांनीही आपली वेळापत्रके बागेच्या कामाकडे पाहून लावावीत. द्राक्षवाल्या घरातली बाई त्यातल्या त्यात मोकळी असते जून ते ऑगस्ट. ऑक्टोबर छाटणी सुरू झाली की तिला रविवारही उरत नाही. सुरगाणा-पेठहून टोळीने येणाऱ्या आदिवासी मजूर बायांचे नेमके उलट असते. पावसाळ्यात त्या आपल्या भात-नागलीच्या लावणीत असतात आणि छाटणीनंतर द्राक्षपट्ट्यात उतरतात. दोघींना एक वेळापत्रक पुरणार नाही. पहिलीसाठी वर्ग गावच्या शाळेत पावसाळ्यात भरवा. दुसरीसाठी तो हिवाळ्यात, तिच्या मुक्कामाच्या ठिकाणी, कामावरून सुटल्यावर घ्या आणि त्या दिवसाचा रोज तासाभराने कमी करू नका. प्रवेशाची माहिती ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लागते, तशी ती बचतगटाच्या बैठकीत मोठ्याने वाचून दाखवा. जिला अर्ज भरता येत नाही, तिचा अर्ज गटातल्या शिकलेल्या मुलीने तिच्याशेजारी बसून भरावा.