देश, काळ, पात्र आणि १२० तास



आजचं वाचन : गीता, अध्याय १७, श्लोक २० ते २२. दानाचे तीन प्रकार. हे श्लोक आपण पटकन उरकतो. सात्त्विक चांगलं, राजस मधलं, तामस वाईट, चला पुढे. या आठवड्यात मात्र मी तिथेच रेंगाळलेय, कारण आमच्या अभ्यासमंडळातली चार-पाच मुलं कॉलेजच्या एनएसएसमध्ये आहेत आणि त्यांच्या हिवाळी शिबिराची सगळी आखणी आमच्याच व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर चाललीय.

एनएसएस म्हणजे राष्ट्रीय सेवा योजना. गांधीजींच्या जन्मशताब्दीच्या वर्षी, २४ सप्टेंबर १९६९ रोजी ३७ विद्यापीठांत ती सुरू झाली. ‘मी नव्हे, तुम्ही’ हे तिचं बोधवाक्य. वर्षाला १२० असे दोन वर्षांत २४० तास काम, शिवाय दत्तक गावात सात दिवसांचं शिबिर. तासांची नोंद होते आणि शेवटी प्रमाणपत्र मिळतं.

त्यातल्याच एकीने परवा रात्री मला विचारलं, “ताई, खरं सांगू? मी सर्टिफिकेटसाठीच नाव दिलंय. मग ही सेवा कसली?”

प्रश्न प्रामाणिक आहे, म्हणून उत्तरही गुळगुळीत नको. परतफेडीच्या आशेने किंवा फळावर डोळा ठेवून दिलेलं, देताना जीव कासावीस झालेलं दान राजस, असं गीता सरळ म्हणते. सर्टिफिकेट त्यात बसतं. पण म्हणून देऊच नका, असं ती कुठे म्हणते? अठराव्या अध्यायात (श्लोक ५) तर उलट सांगितलंय : यज्ञ, दान, तप ही कर्मं सोडायची नाहीत, ती माणसाला शुद्ध करतात. लगेच पुढच्या श्लोकात आसक्ती आणि फळ सोडून ती करा, हेही आहेच. मला यात एक क्रम दिसतो. मन आधी स्वच्छ करून मग फावडं हातात घ्यायचं म्हटलं तर आपल्यापैकी कुणीच फावडं उचलणार नाही.

मला सर्टिफिकेटपेक्षा जास्त भीती बाविसाव्या श्लोकाची वाटते. चुकीच्या जागी, चुकीच्या वेळी, आदर न ठेवता, तुच्छतेने दिलेलं ते तामस. आता ग्रुपवरची पहिली यादी बघा : वृक्षारोपण, ब्लँकेट वाटप, स्वच्छतेवर पथनाट्य. शिबिर डिसेंबरच्या शेवटी. पाऊस संपलेला, आणि पोरं लावणार दोनशे रोपं! एप्रिल-मेमध्ये त्यांना पाणी कोण घालणार? गावातल्या बायकाच ना, डोक्यावर हंडे घेऊन? आपलं पुण्य आणि त्यांच्या खेपा. तुच्छता काही शिवी देऊनच होते असं नाही. समोरच्याला काय हवंय हे न विचारणं, हीसुद्धा तिचीच एक सभ्य जात आहे.

गंमत म्हणजे सात्त्विक दानाची व्याख्या करताना गीता भावनेबरोबरच देश, काळ आणि पात्र यांचंही बोलते. कुठे, कधी, कुणाला. हे तर चक्क नियोजन झालं! ‘पात्र’ म्हणजे घेणारा लायक आहे का, असा अर्थ बहुतेक जण लावतात. मला तो अर्धाच वाटतो. तो माणूस मला माहीत तरी आहे का, हा प्रश्नही त्यातच आला पाहिजे.

इथे नाथांची ती गोष्ट आठवतेच. काशीहून गंगेची कावड घेऊन रामेश्वराला निघालेले एकनाथ महाराज वाटेत वाळूत तडफडणारं गाढव बघतात आणि ते पाणी त्याच्या तोंडात ओततात. आपण ही गोष्ट ‘योजना गुंडाळा, भूतदया करा’ अशी सांगतो. पण कावडीत पाणी होतं ते का? कारण कुणीतरी ठरवून, एवढी वाट तुडवून ते आणलं होतं. नुसता कनवाळू माणूस रिकाम्या हाताने तिथे पोचला असता, तर गाढव मेलंच असतं. आणि नुसता शिस्तीचा माणूस पोचला असता, तरीही. नाथांकडे दोन्ही होतं : भरलेली कावड, आणि ती कुठेही रिकामी करायची तयारी.

मी मुलांना एवढंच म्हटलं, की यादी राहू दे, आधी एक रविवार गावात जाऊन या. ती गेली. सरपंचांशी बोलली, मग (हे त्यांचं त्यांनाच सुचलं) विहिरीवर जाऊन बायकांशी बोलली. बायका म्हणाल्या, झाडं पावसाळ्यात लावू, आत्ता ओढ्याला थोडी धार आहे तोवर ती अडवा. म्हणजे वनराई बंधारा. सिमेंटच्या रिकाम्या पोत्यांत माती-वाळू भरायची, तोंडं शिवायची आणि विटांसारखी एकाआड एक रचायची. पाणी थांबतं, मुरतं, जवळच्या विहिरींना आधार मिळतो. सात दिवसांत वीस-पंचवीस पोरांना जमण्यासारखं काम आहे, आणि त्याची वेळ अगदी हीच.

सर्टिफिकेटवाली मुलगी आता पोती गोळा करतेय. तिच्या मनातलं सर्टिफिकेट गेलंय का, मी विचारलं नाही. पोती मात्र अजून बरीच कमी पडतायत. तुमच्या सोसायटीजवळ बांधकाम चालू असेल तर वॉचमनकाकांना विचारून ठेवा. फाटकी नकोत, माती गळते.