वारशाशी इमान

जे गेले त्यांचे आपण काही देणे लागतो काय? जिवंत माणसाला दिलेला शब्द मोडला तर तो जाब विचारतो. मृताला ती सोय नाही. म्हणूनच त्याच्याशी राखलेले इमान ही आपल्या प्रामाणिकपणाची खरी कसोटी होय. व्हिएन्नातील एका लहानशा वाद्यवृंदाचा इतिहास या प्रश्नावर चांगला प्रकाश टाकतो.

चेलोवादक निकोलाउस हार्नोनकुर्ट, त्यांच्या व्हायोलिनवादक पत्नी आलिस आणि काही सहकारी यांनी १९५३ साली ‘कोन्त्सेन्टुस म्युझिकुस’ हा वृंद स्थापन केला. निकोलाउस त्या वेळी व्हिएन्ना सिम्फनी या मोठ्या वाद्यवृंदात नोकरीस होते. सतराव्या-अठराव्या शतकांतील संगीत तेव्हा सर्वत्र वाजवले जाई, ते नंतरच्या काळात घडलेल्या वाद्यांवर व नंतरच्या काळाच्या सवयीने. आणि त्या सवयीलाच परंपरा म्हटले जाई. या मंडळींनी जुनी वाद्ये मिळवली, आतड्यापासून केलेल्या तातीच्या तारा चढवल्या, त्या काळच्या वादनशिक्षकांचे ग्रंथ अभ्यासले. पहिला जाहीर कार्यक्रम झाला तो १९५७ मध्ये! टाळ्यांवाचून केलेली ही चार वर्षांची तयारी मठातील नवदीक्षितांच्या साधनेची आठवण करून देते.

पुढे १९७१ ते १९९० या काळात त्यांनी अ‍ॅमस्टरडॅमच्या गुस्टाफ लेओनहार्ट यांच्या साथीने बाखच्या सुमारे दोनशे धार्मिक कांटाटांचे ध्वनिमुद्रण पुरे केले. बाख लुथरन, हार्नोनकुर्ट यांचे बंधू फिलिप मात्र कॅथलिक धर्मगुरू आणि ग्रात्स येथे उपासनाशास्त्राचे प्राध्यापक. वेगळ्या पंथातील एका मृत संगीतकाराचे म्हणणे नीट ऐकून घेण्यासाठी जवळजवळ दोन दशके वेचली गेली, हे विसरता येत नाही.

यावर कोणी विचारील, जुने वाद्य आणले म्हणून जुना काळ परततो काय? परतत नाही. लाइपझिगच्या मंदिरात बसलेल्या भाविकांना कांटाटा हा रविवारच्या उपासनेचा भाग होता. आपण ती दिवाणखान्यात बसून ऐकतो. कान बदलले, ऐकणारा बदलला. हार्नोनकुर्ट हे जाणून होते. पुढे त्यांनी आधुनिक वाद्यवृंदांचेही संचालन केले. मग जुन्या वाद्याचा उपयोग काय? ते वादकाला अडवते. तातीची तार त्याच्या सवयीचा जड, लांबलचक स्वर सहजी देत नाही. स्वर बोलल्यासारखे तुटक, श्वास घेत येतात. वादक वाद्याला वाकवू जातो आणि वाद्यच त्याला सुधारते. मृतांशी इमान राखणे म्हणजे, मला वाटते, हेच: त्यांनी आपल्याला सुधारावे एवढी जागा त्यांना देणे.

ख्रिस्तसभेलाही हा प्रश्न चुकला नाही. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ साली संन्यस्त संघांना दोन गोष्टी एकत्रच सांगितल्या: आपल्या संस्थापकाच्या मूळ प्रेरणेकडे परत जा, आणि बदललेल्या काळाशी जुळवून घ्या. यातील एकच अर्धा भाग उचलणे सोपे असते. ‘पूर्वापार चालत आले आहे’ असे म्हणून आपण ज्यासाठी भांडतो, ते पुष्कळदा आपल्या आजोबांच्याही नंतरचे असते. आणि ‘जुने झाले’ म्हणून जे टाकून देतो, ते समजून घेण्याचे कष्ट आपण घेतलेले नसतात. दोन्हींच्या मुळाशी एकच आळस आहे. प्रभूच्या दृष्टान्तातील दासाने धन जमिनीत पुरले आणि जसेच्या तसे परत केले. तरी धन्याने त्याला विश्वासू म्हटले नाही.

हार्नोनकुर्ट यांनी डिसेंबर २०१५ मध्ये निवृत्ती घेतली व ५ मार्च २०१६ रोजी ते निवर्तले. वृंद चालू राहिला. आता तेही जाब न विचारू शकणाऱ्यांत जमा झाले आहेत, आणि त्यांच्या मागून येणाऱ्यांपुढे तोच जुना प्रश्न उभा आहे: त्यांची लकब जपायची, की त्यांच्यासारखे पुन्हा मुळाशी जाऊन विचारायचे? आपल्या मुलांनाही एक दिवस आपल्याविषयी हेच ठरवावे लागेल.