स्वस्त चहाचा हिशोब

चिनी भाषेत रोजच्या चहाला ‘कोउलियांग छा’ म्हणतात. कोउलियांग म्हणजे शिधा. माझा शिधा म्हणजे तैवानचा ‘सी जी छुन’ ऊलाँग. पाच ग्रॅम सुटी पानं, वर गरम पाणी. तीच पानं चार वेळा चालतात.

तो स्वस्त का? मला वाटायचं, स्वस्त म्हणजे कुणाची तरी मजुरी मारलेली. पण हजार मीटरच्या वरचा डोंगरी ऊलाँग बहुतेक हातांनी खुडतात, म्हणून तो महाग. मिंगचिएनच्या सखल मळ्यांत हे झुडूप वर्षातून अनेकदा फुटतं आणि पानं यंत्र कापतं. म्हणजे मजुरी मारलेली नाही. मजूरच फारसे लागत नाहीत.

हे कळल्यावर हायसं वाटायला हवं होतं. पण मी ऑटोमेशनचा कोड लिहितो. माझ्या एका स्क्रिप्टनंतर टेस्टिंगमधल्या दोघांना काम उरलं नाही. ‘कंटाळवाणं काम गेलं, बरं झालं,’ असं मी तेव्हा म्हणालो. त्यांना विचारलं नव्हतं.

यंत्र वाईट नाही. त्याच्यामुळेच हा चहा मला परवडतो. पण जे वाचलं, त्यात काम गेलेल्यांचा वाटा किती, हे किमतीत कुठेच दिसत नाही. ते आपणच विचारायचं असतं.

त्या दोघांपैकी एकाचा नंबर अजून माझ्याकडे आहे. चौथा कप संपला की फोन करतो.