लगाम हातात, धनुष्य नाही



आजचा श्लोक अठराव्या अध्यायातला, ६३वा. गीता संपत आली आहे. भगवंत अर्जुनाला म्हणतात, गुह्याहून गुह्य असं ज्ञान तुला सांगून झालं. आता त्याचा नीट, पूर्ण विचार कर आणि मग तुला वाटेल तसं कर.

पारायणात आपण इथे फारसे थांबत नाही, कारण पुढे लगेच शरणागतीचा ६६वा येतो. पण जरा बघा ना. दोन्हीकडे सैन्य उभं आहे, शंख वाजून झालेत, आणि ज्याला सगळं ठाऊक आहे तोच निर्णय शिष्यावर सोडतोय!

हा श्लोक यावेळी मला माझ्या एका मित्रामुळे वेगळा दिसला. तो नुकताच फ्लाइंग इन्स्ट्रक्टर झाला. पहिल्याच महिन्यात रात्री अकराला फोन: "मला उडवता येतं रे, शिकवता येत नाही. सोडून देऊ का?"

ट्रेनिंगच्या छोट्या सेस्नामध्ये स्टुडंट डावीकडे बसतो, इन्स्ट्रक्टर उजवीकडे. दोघांसमोर कंट्रोल असतात आणि ते एकमेकांना जोडलेले असतात. इतकी वर्षं डाव्या सीटवर उजव्या हाताने थ्रॉटल धरलेला माणूस आता तो डाव्या हाताने धरतो. ते तर सरावाने जमतं. अडचण वेगळी होती. दर लँडिंगला याचा हात आपोआप कंट्रोलवर जायचा. विमान नीट उतरायचं, पण उतरवलं कोणी? स्टुडंटला तर कळायचंच. तो आणखी आखडायचा, आणि मग याला हात काढायची आणखी भीती.

भीती खोटी नव्हती हं. जमिनीपासून दहा-वीस फुटांवर नाक हळूच वर घ्यायचं असतं. नवखा घाईने ओढतो, विमान पुन्हा वर उचललं जातं, वेग पडत जातो, आणि मग ते धपकन आदळू शकतं. सावरायला दोन-तीन सेकंद. अशा माणसाला "देवावर सोड, सगळं ठीक होईल" सांगणं मला तरी पटत नाही. भगवंतांनीही लगाम सोडला नव्हता.

मी त्याला कर्णपर्वातला प्रसंग आठवून दिला. कर्णाचा नागबाण अर्जुनाच्या मस्तकाकडे येतोय. कृष्णाने काय केलं? गांडीव हिसकावून घेतलं नाही. पायाने रथ जमिनीत दाबला, घोडे गुडघ्यांवर बसले, बाण मुकुट घेऊन गेला. सारथ्याच्या अखत्यारीतलं तेवढंच, पण अगदी वेळेवर. आणि भीष्मपर्वात? अर्जुन मन लावून लढत नाही म्हणून तोच कृष्ण शस्त्र न धरण्याचा शब्द विसरून भीष्मांवर धावून जातो. तेव्हा अर्जुन मागून धावत येऊन त्याचे पाय धरतो, मी लढतो म्हणतो. कृष्ण परत येऊन पुन्हा लगाम हातात घेतो. मला हे परत येणं फार आवडतं. (ज्युनिअरचा कोड रात्रीतून स्वतःच लिहून टाकणाऱ्या आम्हा सीनिअर मंडळींनी तर रोज वाचावं.)

मित्र आता उड्डाणाआधीच मर्यादा ठरवतो. वेग इतक्याखाली गेला किंवा विमान रनवेच्या मध्यरेषेपासून इतकं सरकलं, तर मोठ्याने "आय हॅव कंट्रोल" म्हणायचं आणि घ्यायचं. चोरून हात लावायचा नाही. तोवर हात कंट्रोलपासून वीतभर लांब, मोकळे. एका दिवसात जमलं नाही. पण मागच्या आठवड्यात विमान टेकताना उसळलं आणि याने तोंड उघडायच्या आत स्टुडंटनेच पॉवर देऊन गो-अराउंड घेतला. "पोटात गोळा आला होता," मित्र म्हणाला, "पण हात मांडीवरच होते."

राजीनाम्याचा विषय त्याने पुन्हा काढलेला नाही. पहाटेच्या पहिल्या सॉर्टीआधी आता तो ६३वा म्हणतो.

आणि एक. "वाटेल तसं कर" म्हणून भगवंत गप्प बसत नाहीत. पुढच्याच श्लोकात, तू मला फार आवडतोस म्हणून पुन्हा सांगतो, असं म्हणून बोलू लागतात. निर्णय त्याचा, पण सारथी रथातच आहे. तो श्लोक उद्या घेऊ.

राम कृष्ण हरी.