न पुसलेली फरशी

ओझरला एक नाना होते. चौतीस वर्षं मिगमध्ये फिटर. 1964 साली विमानांचा कारखाना आला आणि गावाच्या नावाला ‘मिग’ कायमचं चिकटलं. पुढं सुखोई आली, 2025 मध्ये मिग-21 हवाई दलातून निवृत्तही झालं, तरी लोकांच्या तोंडी अजून ओझर मिगच. नाना त्याच्या कितीतरी आधी घरी बसले होते, पण फिटरची नजर काही घरी बसत नाही. पंखा कुरकुरला की स्टूल, दार घासलं की पटाशी.

द्राक्षांचा हंगाम उरकला आणि मार्चअखेर नाशिकला नानांच्या उजव्या गुडघ्याची वाटी बदलली. खरं तर वाटी बदलत नाहीत. मांडीच्या आणि नडगीच्या हाडाची झिजलेली टोकं कापून त्यांवर धातूची टोपणं चढवतात आणि मध्ये प्लास्टिकची चकती बसवतात. पण आपल्याकडं वाटीच म्हणायची रीत आहे. नानांना काम लगेच समजलं. झिजलेला पार्ट काढला, नवा टाकला. दुसऱ्याच दिवशी वॉकर धरून चार पावलं चालवलं, तेव्हा तर त्यांची खात्रीच पटली. मशीन चालू झालं!

घरी आल्यावर पहिल्याच सकाळी माई फरशी पुसत होत्या. सवयीनं म्हणाल्या, “पाय वर घ्या हो.” खुर्चीतल्या नानांचा डावा पाय वर गेला. उजवा हललाच नाही. वर्षानुवर्षं दुखऱ्या गुडघ्याला जपता जपता मांडीचा स्नायू आधीच वाळला होता, त्यात ऑपरेशन. मेंदूनं हुकूम सोडला, पण खाली ऐकणारं कुणी नव्हतं. माई काही बोलल्या नाहीत. पायाच्या कडेनं फडकं फिरवून पुढं गेल्या. खुर्चीसमोरची ती फरशी तशीच राहिली.

व्यायाम शिकवायला फिजिओथेरपीवाली मुलगी यायची. खुर्चीत बसून टाच जमिनीवरून मागं ओढायची, जेवढी येईल तेवढी. गुडघा पूर्ण सरळ करायचा. मांडी आवळून दहा आकडे मोजायचे. दिवसातून तीनदा. नानांच्या तोंडून तेव्हा जे शब्द निघत ते हँगरमध्ये शोभले असते, घरात नाही.

खरं दुखणं मात्र गुडघ्यात नव्हतं, गल्लीत होतं. चार घरं सोडून राहणाऱ्या अण्णांचं ऑपरेशन त्याच आठवड्यात झालं होतं, आणि ते महिन्याभरात काठी टेकत बाजारात दिसू लागले. माई म्हणाल्या, “अहो, ते तुमच्याहून आठ वर्षांनी लहान आहेत.” नानांनी ते ऐकलं नाही. तिसाव्या दिवशी माई देवळात गेल्याचं बघून काठी उचलली आणि थेट बाणगंगेच्या पुलापर्यंत जाऊन आले.

संध्याकाळपर्यंत गुडघा नारळाएवढा झाला. रात्रभर बर्फ. दुसऱ्या दिवशी ती मुलगी म्हणाली, “नाना, काल किती चाललात ते मला सांगू नका, सूजच सांगतेय.”

मग नाना रुसले. फिटरचा रुसवा वाईट असतो, कारण तो कामावर निघतो. चार दिवस व्यायाम बंद. “नव्या पार्टला एवढे लाड लागत असतील तर पार्टच खराब असणार,” असं त्यांनी जाहीर केलं.

घरामागं द्राक्षांची बाग होती. तिथं खरड छाटणी झालेली, नुसते बोडके खुंट आणि ओलांडे. बागवाला कुंपणाशी आला तेव्हा नाना म्हणाले, “मारून टाकली की रे बाग!”

“मारली कुठं नाना? आता काडी फुटंल, अन् पुढचा माल हितंच उन्हाळ्यात डोळ्यात धरतो. दिसत न्हाई, एवढंच. ऑक्टोबरला छाटली की कळतं, कुठं घड हाय अन् कुठं नुसतंच पान.”

“तुझ्या काडीत घड असेल. माझ्या गुडघ्यात महिनाभर काही हललेलं नाही.” नाना काही बधले नाहीत. उपमेनं गुडघा वाकत नाही, हेही खरंच.

माईंनी हे आतून ऐकलं. बाहेर येऊन त्यांनी विचारलं, “तुमच्या कामावर विमान दुरुस्त झालं की लगेच उडायचं का हो?”

“लगेच कसं? आधी जमिनीवर इंजिन चालवून बघायचं. मग नुसतं धावपट्टीवर पळवायचं. मग टेस्ट पायलट. प्रत्येक गोष्ट लिहायची. लिहिलं नाही तर ते काम झालंच नाही.”

“मग खाली बघा.”

खुर्चीसमोरच्या त्या फरशीवर खडूच्या बारीक रेघा होत्या. रोज सकाळच्या व्यायामात टाच जिथवर मागं यायची तिथं, नाना डोळे मिटून कण्हत असताना, माई एक रेघ ओढत होत्या. शेजारी तारीख. नानांनी हत्यारांच्या पेटीतली पोलादी पट्टी मागवली. पहिल्या रेघेपासून सगळ्यांत मागच्या रेघेपर्यंत सोळा सेंटीमीटर भरले. मागं सरकताना मात्र लागोपाठच्या कुठल्याही दोन दिवसांत अर्ध्या बोटापेक्षा जास्त अंतर नव्हतं. ते बराच वेळ वाकून बघत राहिले. मग एका जागी पट्टी थांबली.

“ही रेघ पुढं का गेली? मागं यायची तर?”

“ती पुलाच्या दुसऱ्या दिवशीची.”

दोन बोटं. मग नानांनी खडू मागितला, टाच ओढली आणि आजची रेघ स्वतः मारली. चार दिवसांच्या रुसव्यानंतरची. तीही दोनच बोटं पुढं. बरोब्बर. त्यांनी पुन्हा मोजून पाहिलं. फिटर होते ते.

त्यानंतर खडू नानांच्या खिशात राहिला. पुलाकडं ते पुन्हा गेले, पण आधी कोपऱ्यापर्यंत, मग पिठाच्या गिरणीपर्यंत. सूज पावसाळाभर कमी-जास्त होत राहिली, गुडघा हाताला कोमट लागायचा, रात्री दोनला जाग यायची. वर्ष लागू शकतं, असं डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं. तेव्हा नानांना ते ऐकूच आलं नव्हतं. अण्णा जिने चढू लागल्याचं कळलं, त्या संध्याकाळी नानांनी फक्त एक रेघ मारली.

ऑक्टोबरात मागच्या बागेत छाटणी सुरू झाली. नाना काठी न घेता बांधापर्यंत गेले, फुगलेले डोळे न्याहाळले आणि परत येऊन पेपर उघडून खुर्चीत बसले. माईंची दिवाळीची झाडलोट चालली होती. फडकं खुर्चीपाशी आलं.

“पाय वर घ्या हो.”

पेपरातून नजरही न काढता नानांनी दोन्ही पाय वर घेतले.