दाराशी उभा देव



संतसज्जनहो, मायबहिणींनो, आजचे निरूपण प्रपंचातल्या एका साध्या गोष्टीवर आहे. घरातले पोर आठ-दहा वर्षांचे होते आणि एके दिवशी न्हाणीचे दार आतून लावून घेते. आई म्हणते, "अरे, पाठ चोळून देते," तर आतून आवाज येतो, "तू बाहेर थांब." झाले! आजी म्हणते, "एवढंसं पोर, त्याला लाज कसली?" चुलता सोप्यावर बसलेल्या पाहुण्यांना ती गोष्ट रंगवून सांगतो, सगळे हसतात, आणि ते पोर मान खाली घालून परसात निघून जाते. आपल्या साताऱ्या-सांगलीकडच्या घरांत हे नित्याचे आहे. त्यात कुणाचा दुष्ट भाव नसतो. पण त्या पोराच्या मनात काय मोडले, याचा विचार वारकऱ्याने करायचा नाही तर कुणी करायचा?

आपला देव कसा आहे ते आठवा. पुंडलिक आईबापांची सेवा करीत बसला होता आणि साक्षात द्वारकेचा राणा त्याच्या दाराशी आला. ज्याला त्रिभुवनात कुठे मज्जाव नाही, त्याला एका झोपडीचे दार अवघड होते काय? तरी तो आत शिरला नाही. पुंडलिकाने वीट भिरकावली, "जरा थांब" म्हटले, आणि देव कमरेवर हात ठेवून थांबला. तो अजून थांबलाच आहे. या कथेतून आपण पुंडलिकाची मातृपितृभक्ती सांगतो, ते योग्यच. पण देवाकडेही पाहा. ज्याची सत्ता सर्वांत मोठी, तोच उंबऱ्याबाहेर उभा राहिला. आपण दोनशेहून अधिक किलोमीटर चालून त्या थांबलेल्या देवाचे दर्शन घेतो, आणि घरी आल्यावर वयात आलेल्या लेकीच्या खोलीचे दार कोपराने ढकलतो. मग दर्शन घेतले कुणाचे?

देवाला नैवेद्य दाखवताना आपण पडदा ओढतो. शेजारती झाली की गाभाऱ्याचे दार लागते. जगाच्या मायबापालाही थोडा आडोसा आपण देतो, तो आपल्या लेकराला का देऊ नये?

लाज ही मुलाला येते कुठून, हे समजून घ्यावे. दोन वर्षांचे मूल उघडे अंगणभर धावते, त्यात पाप नाही. तेच मूल पुढे कपडे बदलताना पाठ फिरवते, त्यातही पाप नाही आणि उद्धटपणाही नाही. दुधाचे दात पडून नवे दात येतात, तशी ही समज येते. "हा देह माझ्या हवाली आहे, याला मी सांभाळायचे," असे त्या जिवाला उमगू लागते. आपण मात्र काय करतो? आठव्या वर्षी लाजला तर हसतो, आणि चौदाव्या वर्षी "तुला काही लाज आहे का?" म्हणून ओरडतो. ज्या रोपट्याचा कोंब आपणच खुडला, त्याला पुढे फळ कसे धरावे?

दुसरी गोष्ट. आपल्याकडे मर्यादेचे सारे ओझे लेकीच्या डोक्यावर असते. पदर नीट घे, पाय आवरून बस, मोठ्याने हसू नकोस. लेकाला कुणी काही सांगत नाही, तो लाजला तर "पोरीसारखा काय लाजतोस?" म्हणून त्यालाच टोचतात. कौरवांच्या सभेत द्रौपदीचे वस्त्र ओढले गेले, तेव्हा लाज कुणाची गेली? द्रौपदीची तर देवाने राखली. गेली ती ओढणाऱ्याची, आणि मान खाली घालून गप्प बसलेल्या वडीलधाऱ्यांची. म्हणून लेकीला पदर शिकवताना लेकाला नजर शिकवावी. बहिणीच्या खोलीत जाण्याआधी हाक मारणे, ती "नको" म्हणाली तर मागे फिरणे, हा संस्कार मुलग्यावर घरातच व्हायला हवा.

मुलगी शहाणी होते, तेव्हाही असेच घडते. पूर्वी तिला मखरात बसवीत, ओटी भरीत, साऱ्या आळीला कळे. काही घरांत अजूनही तसे होते. उलट काही घरांत तिला कोपऱ्यात बसवतात. दोन्हीकडे तिला विचारीत कुणी नाही. देहाच्या विटाळाचा प्रश्न सोयराबाईंनी अभंगांतून शेकडो वर्षांपूर्वी विचारून ठेवला आहे. विटाळातूनच ज्या देहाचा जन्म, त्याला विटाळ कसला, असा त्यांचा रोख आहे. तेव्हा त्या पोरीला आईने जवळ घेऊन समजावून सांगावे, भीती घालवावी, आणि बाकी कुणाला सांगायचे की नाही ते तिच्यावर सोडावे.

आता कुणी म्हणेल, "महाराज, ही मोठ्या वाड्यांची गोष्ट झाली. आम्ही एका खोलीत सहा माणसं राहतो." तर मग वारीकडे पाहा. माऊलींची पालखी नीरास्नानानंतर सातारा जिल्ह्यात येते, लोणंद, तरडगाव, फलटण, बरड असे मुक्काम होतात. दिंडीला भिंती कुठे असतात? तरी पहाटे अंधारात आयाबाया लुगडे धरून एकमेकींना आडोसा करतात, आणि पुरुषमंडळी आपसूक तोंड फिरवून टाळ-वीणा आवरू लागतात. आपल्या पाटण-जावळीकडचे कितीतरी लोक मुंबईला माथाडीच्या कामाला गेले, दहा बाय बाराच्या खोलीत संसार केले. मोरीला जुन्या लुगड्याचा पडदा आणि नजरेला मर्यादा, एवढ्यावर लेकरे वाढवली. आडोसा आधी मनात उभा राहतो. भिंत मागाहून येते.

पण भिंतही लागते, हे विसरू नये. गाडगेबाबांनी हातात खराटा घेऊन गावे झाडली. १९५६ साली बाबा गेले. पुढे २०००-०१ साली त्यांच्या नावाने ग्रामस्वच्छता अभियान सुरू झाले, ते तासगाव तालुक्यातील अंजनीचे आर. आर. पाटील ग्रामविकास मंत्री असताना. घरोघरी शौचालय झाले, त्याला आपण आरोग्याचे काम म्हणतो. पण अंधार पडण्याची वाट पाहत पोट दाबून बसणाऱ्या लेकीसुनेला विचारा, तिची त्यात किती अब्रू राखली गेली! तीच नजर शिवारात न्यावी. कारखाने सुरू झाले की बीडकडून ऊसतोड मंडळी येतात, कोप्या उभ्या करतात. त्यांच्यातही वयात आलेल्या पोरी असतात. ज्याच्या रानात ऊस तोडला जातो, त्या माळकऱ्याने चार खांब आणि ताडपत्री लावून न्हाणीचा आडोसा करून दिला, तर तीही विठ्ठलाची पूजाच आहे.

आजच्या काळात आणखी एक दार आहे, ते मोबाईलचे. नातवाच्या अंघोळीचा फोटो कौतुकाने काढून पाहुण्यांच्या ग्रुपवर टाकला जातो. तो एकदा हातातून सुटला की कुणाकुणाकडे जातो, ते कळत नाही, परत बोलावता येत नाही. लहान मूल "नको" म्हणू शकत नाही, म्हणून ते आपणच त्याच्या वतीने म्हणावे.

"पण दार लावून पोर बिघडलं तर?" हा आईबापांचा प्रश्न खोटा नाही. त्याचे उत्तर मुक्ताबाईंनी दिले आहे. ज्ञानोबा व्यथित होऊन ताटी लावून बसले, तेव्हा धाकट्या बहिणीने ती ताटी मोडली नाही आणि "बसू दे" म्हणून निघूनही गेली नाही. ती बाहेर उभी राहिली, समजावीत राहिली, आणि दार आतून उघडले. ताटीचे अभंग म्हणतात ते हेच. मुलाच्या दाराशी असे उभे राहता आले पाहिजे. बोलायला रोज वेळ द्यावा, मग चोरून डबे-दप्तर उचकण्याची पाळी येत नाही.

आणि एकांत वेगळा, लपवाछपवी वेगळी, हे मुलाला लहानपणीच स्पष्ट सांगावे. "तुझं अंग तुझं आहे. कुणी नको तिथं हात लावला आणि 'कुणाला सांगू नकोस' म्हणालं, तर ते आधी येऊन मला सांग. मी रागावणार नाही." असे कृत्य करणारा बहुतेक वेळा परका नसतो, घरच्या ओळखीचाच असतो. ज्या मुलाला दार लावल्याबद्दल हसले गेले, मामाच्या मांडीवर नको म्हटल्याबद्दल धपाटा बसला, ते मूल त्या दिवशी तोंड कसे उघडेल? त्याचा "नको" आपणच मोडलेला असतो. मुलगा असो वा मुलगी, अठरा वर्षांखालील सर्वांसाठी २०१२ साली बालकांच्या लैंगिक संरक्षणाचा कायदा झाला. १०९८ हा मदतीचा फोन फुकट लागतो. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे एकमुखाने सांगितले. पण न्यायालय काही आपल्या माजघरात येऊन बसत नाही. तिथे आपणच बसलेलो असतो.

वारीत आपण पोरालाही "माऊली" म्हणतो, त्याच्या पायांवर डोके ठेवतो. ते घरी आल्यावर विसरू नये. एकादशी धरतो तसा एक नियम धरावा: मुलाच्या दाराशी हाक मारायची, उत्तर येईपर्यंत थांबायचे, आणि त्याच्या लाजेची गोष्ट चारचौघांत सांगून हसायचे नाही. पैसा लागत नाही, उपवास लागत नाही. एक पळभर विटेवर उभे राहायचे, इतकेच.

पुंडलिक वरदे हरि विठ्ठल!